बिऱ्हाड हलविण्यापूर्वी पणजीची ओळख

बदलीचा हुकूम हाती पडला की नोकरदाराच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो बिऱ्हाडाचा. रुजू होण्याची तारीख तोंडावर आलेली असते, मुलांच्या शाळेची चिंता असते, घरातील वडीलधाऱ्या माणसांची सोय पाहावयाची असते. अशा घाईत कोणी ओळखीचा गृहस्थ एक जागा रिकामी असल्याचे सांगतो. एखाद्या रविवारी सकाळी ती जागा पाहिली जाते. खोल्या नुकत्याच रंगविलेल्या असतात, समोरचा रस्ता मोकळा असतो, भाडे आवाक्यातले वाटते आणि अनामत रक्कम तेथल्या तेथे मोजून दिली जाते. यात कोणी कोणाची फसवणूक केलेली असतेच असे नाही. जागा खरोखरच तशी असते. मात्र ती रविवारची, सकाळची आणि उन्हाळ्यातली असते. उरलेल्या वर्षातली जागा बिऱ्हाडकरूस नंतर भेटते.

पणजीच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो, कारण हे शहर सर्वांना आधीपासून ठाऊक असल्यासारखे वाटते. चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या, मिरामारची वाळू, मांडवीतील बोटी, फोंताइन्हासमधील रंगीत घरे ही पणजी पाहुण्यांची होय. सत्तरी, सांगे, पेडणे, काणकोण या तालुक्यांतून कचेरीच्या कामासाठी दिवसभर येऊन संध्याकाळच्या बसने परतणाऱ्या ग्रामस्थांची पणजी त्याहून निराळी असली तरी तीही अर्धीच. तीत रात्र नाही, पहाट नाही आणि पावसाळ्यातले घर नाही. जेथे राहावयाचे आहे ते शहर तेथल्या रहिवाशाच्या पायांनी आधी हिंडून घेणे हे काम थोडे वेळखाऊ असले तरी त्यास पैसा फारसा लागत नाही.

उदाहरणादाखल वाळपईकडील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घरचा कर्ता पुरुष सरकारी कचेरीत कारकून. त्याची बदली पणजीस पाटो भागातील एका कार्यालयात झाली आहे. पत्नी, आठवीतील मुलगा, पाचवीतील मुलगी आणि गुडघे धरलेली वृद्ध आई असा परिवार. आईला जिने चढवत नाहीत, म्हणून तळमजल्याचीच जागा हवी. पगाराच्या मानाने भाड्याची मर्यादा ठरलेली. मळा भागात एक तळमजल्याची जागा, पाटोपासून पायी पोहोचण्याजोगी, मे महिन्यात रिकामी असल्याचे कळते. या कुटुंबाने काय पाहावे आणि कसे पाहावे, याचा विचार पुढे केला आहे.

प्रथम शहराची जमीन समजून घ्यावयास हवी. पणजी म्हणजे मुळात मांडवीकाठची सखल भूमी, नारळाची बागायत, खाजने आणि मध्यभागी आल्तिनोची टेकडी. जुन्या गोव्यात रोगराई माजल्यावर व्हाइसरॉयचा मुक्काम १७५९ मध्ये इकडे हलला आणि १८४३ मध्ये पणजीस अधिकृतपणे राजधानीचा मान मिळाला. त्यापुढील काळात सखल भागांत भराव घालून रस्ते व इमारती उठल्या. जमिनीवर भराव पडला, तरी पाण्याच्या वाटा बदलत नाहीत. टेकडीवरून उतरणारे पावसाचे पाणी पूर्वी ज्या बाजूंनी वाहत असे, त्याच बाजूंनी ते आजही वाहते: पूर्वेस मळा व फोंताइन्हास यांच्या कडेने ओरें खाडीकडे आणि पश्चिमेस सांतिनेजच्या नाल्यातून कांपालजवळ मांडवीत. मळा हे नावच बागायतीचे आहे, आणि फोंताइन्हास हे नाव झऱ्यांवरून पडले आहे. गावची नावे वाचता येणाऱ्या शेतकऱ्यास एवढी खूण पुरे व्हावी. मोबाईलवरील नकाशा गल्लीबोळ अचूक दाखवितो, परंतु कोणता बोळ उंचावर आणि कोणता खोलगट, हे त्यावरून सहजी उमजत नाही.

पणजीत वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नुसत्या पावसाने शहर तुंबते असे नाही. मांडवी ही समुद्राच्या भरतीओहोटीची नदी आहे. भरतीच्या वेळी तिची पातळी गटारांच्या मुखांहून वर चढते. अशा वेळी जोराची सर कोसळली तर पाण्यास बाहेर पडावयास वाट उरत नाही आणि ते सखल रस्त्यांवर साचून राहते. खाजन शेती करणाऱ्यास हे सांगावयास नको. बांधातील मानशीचे दार भरती चढू लागली की आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की उघडून शेतातले पाणी बाहेर सोडते. शहरात बहुतेक ठिकाणी असे दार नाही, म्हणून पावसाळ्यात पंप बसवून पाणी उपसावे लागते.

यावरून जागा पाहण्याचा दिवस कोणता निवडावा, हे ठरते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आगेमागे दोन-तीन दिवस उधाणाची भरती असते. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. कोकण किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा एक ढोबळ हिशेब आहे: तिथीच्या अंकास पाऊणने गुणले असता भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. नेमकी वेळ हवी असल्यास मुरगाव बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावे. जुलै महिन्यातील अशा एखाद्या दिवशी, भरतीच्या ऐन वेळी, पाऊस चालू असताना त्या जागेपुढे अर्धा तास छत्री घेऊन उभे राहणे हे उन्हाळ्यातील दहा खेपांहून अधिक उपयोगाचे.

जुलैपर्यंत थांबणे शक्य नसेल तर भिंती वाचाव्यात. घराच्या बाहेरच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत गिलावा सुटलेला आहे काय, लोणा धरला आहे काय, नवा रंग फक्त खालच्या दोन हातांपुरताच लावला आहे काय, उंबरठ्यासमोर विटांचा लहानसा बांध घातला आहे काय, विजेचा मीटर नेहमीपेक्षा उंच बसविला आहे काय, हे पाहावे. शेजारच्या किराणा दुकानात सर्वांत खालची फळी रिकामी ठेवलेली असेल, तर दुकानदारास काही विचारण्याचीही गरज नाही.

तरीही विचारावेच. घरमालकास विचारून उपयोग थोडा, आणि मध्यस्थास विचारून त्याहूनही थोडा. शिंपी, इस्त्रीवाला, पोदेर, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातील कंपाउंडर ही माणसे त्या गल्लीत बारा महिने असतात आणि जागा भाड्याने गेली काय किंवा न गेली काय, त्यांचा नफातोटा नसतो. प्रश्न साधा व कोकणीतूनच असावा: "पावसांत हांगा उदक भरता?" उत्तर बहुधा एकदम मिळत नाही. पहिल्याने "दरसाल नाही" असे ऐकावयास मिळते. मग "भरले तरी दोन तासांत ओसरते" असे. आणि थोडे थांबल्यास, कोणत्या साली पाणी खाटेखाली शिरले होते, हेही कोणी सांगून जातो. घाई न करता ऐकणाऱ्यासच ही तिसरी गोष्ट कळते.

आपल्या वाळपईच्या कुटुंबाची अडचण नेमकी येथेच आहे. तळमजला आईच्या गुडघ्यांसाठी हवा, आणि सखल भागातील तळमजल्यावर पावसाचा धोका. वरचा मजला घ्यावा तर आई घरातच अडकून पडणार. देवळात जाणे नाही, दाराशी बसणे नाही, बाजार नाही. गावी चाळीस वर्षे अंगणात वावरलेल्या बाईस ही शिक्षाच. अशा वेळी कर्त्या माणसांनी आपसांत ठरवून मोकळे होण्याचा प्रघात आहे, तो बरा नव्हे. ज्यांना दिवसाचे चोवीस तास त्या घरात काढावयाचे आहेत, त्यांना जागा दाखविल्याखेरीज बोलणे पक्के करू नये. नोकरी करणारा मनुष्य घरात जागेपणी चार-पाच तास असतो. आई आणि पत्नी सबंध दिवस असतात.

पिण्याच्या पाण्याविषयी शहरात येणारा ग्रामस्थ सहसा निर्धास्त असतो, कारण नळ दिसतो. पणजीचे नळाचे पाणी फोंडा तालुक्यातील ओपा येथून, खांडेपार नदीवरून, लांबच्या जलवाहिनीने येते. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात खांडेपारजवळ ही जलवाहिनी फुटली आणि तिसवाडी व फोंडा तालुक्यांतील नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. पणजीत टँकरपुढे रांगा लागल्या. असा प्रसंग नित्याचा नसला, तरी त्या दिवसांत कोणाचे हाल कमी झाले हे लक्षात घेण्याजोगे आहे: ज्यांच्या इमारतीस जमिनीखालची मोठी टाकी होती आणि ज्यांच्या आवारात वापरती विहीर होती, त्यांचे. म्हणून नळ सोडून पाहण्यापेक्षा, पाणी किती वाजता येते, टाकी केवढी, पंप कोण चालवितो आणि विहीर असल्यास ती बुजविलेली आहे की वापरात आहे, हे विचारावे. बोक दे व्हाकचा झरा जुन्या पणजीकरांस परिचित आहे. नळ नव्हते तेव्हा शहर अशा झऱ्यांवर व विहिरींवर जगत असे.

यानंतर शहराचा दिवस पाहावा. त्यासाठी एखाद्या नातेवाइकाकडे किंवा बाजाराजवळच्या साध्या लॉजमध्ये तीन-चार दिवस मुक्काम करणे श्रेयस्कर. मुक्काम मिरामारला करू नये. तेथे शहर सुटीवर असते. शक्यतो गुरुवारी यावे आणि सोमवारी परत जावे, म्हणजे कामाचे दिवस, रविवार आणि आठवड्याचा आरंभ असे तिन्ही पाहावयास मिळतात.

पहाटे पोदेराच्या भोंग्याने गल्ली जागी होते. सायकलच्या मागच्या टोपलीत उंडे, कातरे, पोळ्या आणि पाव घेऊन तो ठरलेल्या वेळी ठरलेल्या दारांशी थांबतो. कोणत्या दाराशी तो थांबत नाही, हेही पाहावे. रिकामी घरे त्यावरून कळतात, आणि ज्या गल्लीत निम्मी घरे वर्षभर बंद असतात तेथे वृद्ध माणसास दिवसा सोबत मिळत नाही. त्यानंतर महापालिकेच्या बाजारात जावे. भाजीचा मोठा भाग बेळगावकडून येतो; ताळगावची वांगी हंगामात निराळी विकावयास बसलेल्या बायकांकडे मिळतात. मासळीची गर्दी रविवारी व बुधवारी. सोमवारी ती बरीच ओसरलेली असते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींस मासेमारीची बंदी असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांचा घरखर्च वेगळा धरावा. गावी मे महिन्यात पुरुमेंताची तयारी करणाऱ्या घरास याचे नवल नाही, पण शहरातील दोन खोल्यांत सुके मासे, कोकमे आणि तांदूळ ठेवण्यास जागा कोठे आहे, हा प्रश्न जागा पाहतानाच पत्नीने विचारावयास हवा.

भाद्रपदातील चवथीपूर्वीच्या दिवसांत याच बाजाराजवळ माटोळीचा बाजार भरतो. रानफळे, कांगला, नारळाच्या पेंडी, सुपारीचे घोस घेऊन सत्तरी-डिचोलीकडील माणसे तेथे बसतात. वाळपईचे कुटुंब पणजीस राहावयास आले म्हणजे प्रथमच पैसे मोजून माटोळी विकत घेईल, आणि विकणारी बाई कदाचित शेजारच्याच गावची निघेल.

दुपारी एक वाजला की दुकानांची फळकुटे मिटू लागतात आणि साडेतीनपर्यंत बरीचशी दुकाने बंद असतात. बाहेरून आलेल्या माणसास हा आळस वाटतो. येथे राहावयास आलेल्यास मात्र हा वेळ ओळखून सोय करावी लागते. औषध, दूध, वही-पेन्सिल यांपैकी काही दोन वाजता लागले तर कोणते दुकान उघडे सापडते, हे आधी पाहून ठेवलेले बरे. रविवारी शहराचा मध्यभाग जवळजवळ निजलेलाच असतो. याउलट नदीकाठचा रस्ता संध्याकाळनंतर, विशेषतः शनिवारी व रविवारी, पर्यटकांच्या आणि कॅसिनोला जाणाऱ्या गाड्यांनी भरून जातो. त्या रस्त्याजवळची जागा दुपारी शांत म्हणून घेणाऱ्याने तेथे रात्री अकरा वाजता एकदा जाऊन यावे.

जाण्यायेण्याचा हिशेब नकाशावरील अंतराने करू नये. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या अवघी चाळीस हजारांच्या आसपास. पण दिवसा कामासाठी शहरात येणारी माणसे त्याहून वेगळीच. शिवाय पणजीची म्हणून ओळखली जाणारी कार्यालये आता सगळीच पणजीत नाहीत. विधानसभा २००० साली मांडवीपलीकडे पर्वरीस गेली, उच्च न्यायालयाचे गोवा येथील खंडपीठ २०२१ मध्ये आल्तिनोवरून तेथेच गेले, आणि १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेली वैद्यकीय शिक्षणाची परंपरा चालविणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीच्या पठारावर आहे. म्हणून बदलीच्या हुकुमात पणजी असे लिहिलेले असले तरी कचेरी नेमकी कोठे बसते, हे प्रथम पाहावे. ज्याची कचेरी पर्वरीस आहे, त्याने पणजीत भारी भाडे भरून रोज सकाळी पूल ओलांडण्यात अर्थ नाही.

पुलांची गोष्ट निघाली आहे तर तीही सांगावयास हवी. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पहिला पूल कोसळला आणि पणजी व बार्देश यांच्यामधील प्रवाशांचा भार फेरीबोटींवर येऊन पडला. नवा पूल १९९२ मध्ये खुला झाला. त्या वर्षांतील बेतीच्या धक्क्यावरील रांगांची आठवण साठीपुढील पणजीकर अजून काढतात. आज मांडवीवर तीन पूल आहेत. त्यांतील अटल सेतू २०१९ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाला, परंतु त्यावर दुचाकींस परवानगी नाही. स्कूटरवरून कचेरीस जाणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने म्हणून पूल दोनच. बेतीची फेरीबोट अद्याप चालते आणि पायी प्रवाशास तिचे भाडे पडत नाही. पणजीच्या बाजारपेठेत काम करणारे, पण नदीपलीकडे राहणारे अनेक लोक तिच्यावरच अवलंबून असतात. सोमवारी सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात कदंबच्या बसस्थानकापाशी आणि पुलाच्या तोंडाशी उभे राहिल्यास कोणत्या बाजूने येणारा रस्ता किती अडतो, हे डोळ्यांनी दिसते. २०२२ ते २०२४ या काळात स्मार्ट सिटी योजनेच्या कामांसाठी शहरातील रस्ते जागोजाग खणले गेले, तेव्हा पणजीत पायी चालणारा मनुष्य गाडीवाल्याच्या आधी पोहोचत असे. शहर लहान आहे. पाटोपासून कांपालपर्यंत निवांत चालतही अर्ध्या तासात जाता येते. घाई असल्यास मोटारसायकल पायलट आहेतच.

पणजीलगतच्या वस्त्यांचा विचारही याच वेळी करावा. ताळगाव व करंझाळे येथे नव्या इमारती पुष्कळ, लिफ्टची सोय बरी, पण भाडी चढलेली. पर्वरीस जागा मोकळ्या मिळतात, मात्र पूल ओलांडावा लागतो. सांताक्रूझ मध्यमवर्गीयांस परवडते. तेथेही खाजनाकडील बाजू आणि उंचावरील बाजू यांत फरक करावा. रायबंदर हे निराळे प्रकरण आहे. ते महापालिकेतच मोडते, पण पणजीपासून ते जोडलेले आहे ते १६३३-३४ मध्ये बांधलेल्या सुमारे तीन किलोमीटरच्या दगडी बांधरस्त्याने. एका अंगास मांडवी, दुसऱ्या अंगास खाजने आणि मिठागरांच्या जागा. रायबंदरची जुनी वस्ती या रस्त्याच्या वरच्या अंगास चढावर वसली आहे. मुख्य रस्ता अरुंद आहे आणि जुन्या गोव्याकडे जाणाऱ्या वाहनांचा त्रास आहे, हे खरे. पण चढावरील घराच्या तळमजल्यास पाण्याचे भय नाही, आणि दारातून समोर नदी व दिवाड-चोडणच्या फेरीबोटी दिसतात.

मुलांच्या शाळेचा प्रश्न ऐनवेळी सोडवू नये. गोव्यात २०२५ साली सहावी ते दहावीचे वर्ग जूनऐवजी एप्रिलमध्येच सुरू झाले. त्यामुळे मे महिन्यात बदलीचा हुकूम आला तर आठवीतील मुलाचे वर्ष चालू झालेले असते. प्राथमिक शिक्षण मराठीतून चालू ठेवावयाचे असेल तर घराजवळ मराठी माध्यमाची शाळा आहे काय आणि तिचे वर्ग पुढे कोठवर आहेत, हे प्रत्यक्ष शाळेत जाऊन विचारावे. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी थोडा वेळ उभे राहिले की मुले कोणत्या बाजूंनी, कशाने आणि कोणाबरोबर घरी जातात ते दिसते. तेथे नातवंडांस न्यावयास आलेल्या आजीआजोबांशी बोलावे. शिक्षकवर्गास कदाचित हे रुचणार नाही, परंतु शाळेविषयी त्यांच्याइतकी खरी माहिती शाळेच्या कचेरीत मिळत नाही.

पाटोवरील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दुपार अवश्य काढावी. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयाचा वाचनकक्ष म्हणजे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात अभ्यासाची खोली नसलेल्या मुलास मिळालेली खोलीच होय. कांपाल येथील कला अकादमी, मिनेझिस ब्रागांझा संस्था, देवळांतील भजने, १८१८ पासूनचे महालक्ष्मीचे मंदिर, डिसेंबरच्या आठ तारखेचे चर्चचे फेस्त यांची ओळख राहावयास आल्यावर सावकाश होते. त्यासाठी आधी धावपळ नको.

शेजाराची चौकशी मात्र आधीच व्हावी, आणि ती दोन्ही बाजूंनी होते हे ध्यानात असावे. पणजीच्या जुन्या वाड्यांवर हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान घरे भिंतीस भिंत लावून आहेत. कोकणी सर्वांची, मराठी वर्तमानपत्र पुष्कळांच्या दारात, आणि एखाद्या वृद्ध बाईच्या बोलण्यात अधूनमधून पोर्तुगीज शब्द. खेड्यातून आलेल्या माणसास वाटते की शहरात कोणी कोणाकडे पाहत नाही. पणजीत पाहतात. नवा भाडेकरू ओला व सुका कचरा वेगळा करून देतो की नाही, दुपारच्या वेळी रेडिओ मोठ्याने लावतो की काय, विहिरीपाशी चपला काढतो की नाही, हे पहिल्या आठवड्यात ठरते आणि तसेच राहते.

कराराविषयी थोडक्यात सांगणे पुरे. बोलणे कागदावर असावे. मुदत, अनामत, पाणी-विजेची देयके कोणी भरावयाची, रंगरंगोटी कोणाकडे, या गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास दिली गेल्याची खात्री करावी. पावसात पाणी शिरल्यास मुदतीपूर्वी अनामत परत घेऊन जागा सोडता येईल, असे एक कलम घालण्यास घरमालक तयार आहे काय, हे सहज विचारून पाहावे. तो काय उत्तर देतो यापेक्षा उत्तर देण्यास किती वेळ घेतो, यावरून अधिक कळते.

वाळपईच्या कुटुंबाने या रीतीने शोध घेतला तर काय होईल? मळ्यातील जागा मे महिन्यात हातची जाईल, ही त्याची पहिली किंमत. कारकुनास सबंध पावसाळा वाळपई-पणजी बसने ये-जा करावी लागेल. पहाटे निघणे, रात्री परतणे, भिजलेले कपडे, आणि महिन्याकाठी बसभाड्याचा खर्च. मुलाची आठवी गावच्याच शाळेत पुरी होईल. जुलैतील एका अमावास्येच्या सुमारास तो कचेरीतून निघून त्या जागेपुढे उभा राहील आणि तेथील नवा भाडेकरू दाराशी वाळूच्या पिशव्या रचीत असलेला त्यास कदाचित दिसेल; कदाचित पाणी पायरीखालीच थांबलेले दिसेल. पायरीखाली थांबले असले तर दोन महिने फुकट घालविल्याचे त्यास वाईट वाटेल, आणि ते साहजिक आहे.

चवथ झाल्यावर आईला घेऊन तो रायबंदरच्या चढावरची एक जागा पाहावयास येईल. भाडे मळ्यातील जागेपेक्षा थोडे अधिक, कचेरी बांधरस्त्यापलीकडे, घर जुने, स्वयंपाकघर काळोखी. रस्त्यापासून दारापर्यंत सात पायऱ्या आहेत. आई त्या एकदा चढून उतरेल, मध्ये एकदा कठड्यास हात लावून थांबेल, मागील दारी जाऊन विहिरीत डोकावेल आणि पोहरा सोडून पाण्याची चव घेईल. शेजारीण कुंपणापलीकडून गाव कोणते ते विचारील. सात पायऱ्या दिवसातून किती वेळा होतील याचा हिशेब मायलेक तेथेच पायरीवर बसून करतील, आणि सामान हलवावयाचे ते मुलांची वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, मार्चअखेर, असे ठरवून संध्याकाळची बस गाठतील.